बालीला जाण्याआधी: डोंगर, तळी, भातखाचरं आणि किनारे यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालीला जाऊन आलेली माणसं आता पुण्या-मुंबईतच नव्हे, तालुक्याच्या गावांतही भेटतात. बहुतेकांची सहल दक्षिणेचे दोन-तीन किनारे, उबुदचा बाजार आणि फोटोसाठी बांधलेला एखादा उंच झोका एवढ्यावर आटोपते. त्या बेटाचा खरा जीव डोंगरात आहे. तिथून पाणी कसं उतरतं हे एकदा लक्षात आलं, की देऊळ तिथेच का आहे, खाचरं तशीच का आहेत आणि एकाच वेळी एका गावात लावणी आणि शेजारच्या गावात कापणी का चाललेली असते, हे आपोआप कळत जातं. म्हणून ही प्रश्नोत्तरं भूगोलापासून सुरू होतात. व्हिसा आणि पैशांचं पुढे आहे.

बाली हा देश आहे का? तो केवढा आहे?

बाली हा इंडोनेशियाचा एक प्रांत आहे. पश्चिमेला जावा, पूर्वेला लोंबोक आणि मध्ये हे बेट, विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण ८ अंशांवर. क्षेत्रफळ साडेपाच हजार चौरस किलोमीटरच्या थोडं वर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून किंचित मोठं. पण माणसं ४३ लाखांच्या आसपास, सिंधुदुर्गाच्या कितीतरी पट. राजधानी देनपसार दक्षिणेला आहे. डचांच्या काळात कारभार उत्तर किनाऱ्यावरच्या सिंगराजातून चालायचा. १९५८ साली बाली स्वतंत्र प्रांत झाला. आज त्यात आठ जिल्हे आणि देनपसार शहर आहे. नुसा पेनिदा, नुसा लेंबोंगान आणि नुसा चेनिंगान ही शेजारची छोटी बेटंही याच प्रांतात येतात.

घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे.

डोंगर ज्वालामुखी आहेत म्हणतात. मग जायला भीती नाही का?

बालीचा कणाच ज्वालामुखींचा आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे डोंगरांची ओळ जाते आणि पूर्वेला गुनुंग आगुंगपाशी सगळ्यात उंच होते. आगुंग ३,००० मीटरच्या वर आहे. कळसूबाई १,६४६ मीटर, यावरून अंदाज येईल. आगुंग आणि बातुर हे दोन्ही जागृत आहेत.

१९६३चा आगुंगचा उद्रेक बालीच्या स्मरणात खोल रुतलेला आहे. फेब्रुवारीत सुरुवात झाली, मार्चमध्ये मोठा स्फोट झाला, आणि हजाराहून अधिक माणसं गेली. नेमका त्याच वेळी बेसाकिह या मातृमंदिरात शतकातून एकदा होणारा एकादश रुद्राचा महाविधी चालू होता. डोंगर गरजत असतानाही विधी थांबवला गेला नाही. लाव्हा मंदिराच्या अगदी जवळून गेला, पण मंदिर वाचलं. तो विधी १९७९ साली पुन्हा, संपूर्ण रीतीने केला गेला. आगुंग शांत झाल्याची लोकांची खात्री तेव्हा पटली.

२०१७च्या नोव्हेंबरात आगुंग परत जागा झाला. लाखाच्या वर लोकांना हलवावं लागलं आणि विमानतळ काही दिवस बंद राहिला. तेव्हा भीती बाळगण्यापेक्षा सरकारी ज्वालामुखी निरीक्षण केंद्राचा इशारा पाहून जावं, आणि आगुंगवर चढायचं असेल तर स्थानिक वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नये. प्रवास विमा काढताना ज्वालामुखीमुळे रद्द झालेलं विमान त्यात धरलेलं आहे का, हे जरूर वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच पॉलिसींत हे बारीक अक्षरात असतं.

बातुरला पहाटे का नेतात? तिथे आणखी काय आहे?

सूर्योदयासाठी. बातुर १,७१७ मीटरचा आहे, रात्री दोन-तीनला निघून उजाडायच्या आत माथ्यावर पोचता येतं. चढ फार अवघड नाही, पण वाट भुसभुशीत राखेची आहे, म्हणून तळवा पकडणारे बूट हवेत. वर गारठा असतो. मुंबईकराला तर चांगलाच वाजतो.

माझ्या मते मात्र बातुरचं खरं दर्शन माथ्यावरून न होता कडेवरून होतं. किंतामणीच्या रस्त्यावर थांबून खाली पाहिलं की साधारण १४ किलोमीटर लांब आणि १० किलोमीटर रुंद असा प्रचंड कुंड दिसतो. सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटात डोंगराचा माथा खचून तो तयार झाला. आजचा बातुर त्या कुंडाच्या पोटातून नंतर वर आलेला आहे, आणि त्याच्या पायथ्याशी चंद्रकोरीसारखं बातुर सरोवर आहे, बालीतलं सगळ्यात मोठं. त्याच्या काठच्या उताराला काळा पट्टा दिसतो, तो विसाव्या शतकातल्या लाव्ह्याचा. १९२६ साली लाव्ह्याने जुनं बातुर गाव आणि तिथलं देऊळ गिळलं. लोकांनी देवाच्या वस्तू उचलल्या आणि कुंडाच्या कडेवर नव्याने मंदिर बांधलं. तेच आजचं पुरा (म्हणजे देऊळ) उलुन दानू बातुर. सगळ्या बेटाला पाणी देणाऱ्या सरोवरदेवीचं हे स्थान. सहलीच्या गाड्या त्याच्यासमोरून जातात आणि जेवायला पुढच्या हॉटेलात थांबतात. तुम्ही मंदिरात थांबा.

बालीतली भातखाचरं इतकी प्रसिद्ध का? भात तर कोकणातही पिकतो.

खाचरं सुंदर दिसतात म्हणून लोक जातात, पण त्यांच्यामागची व्यवस्था त्याहून मोठी आहे. हे उत्तर थोडं लांब आहे.

बातुर, ब्रातान, बुयान आणि तांबलिंगान ही चारही मोठी तळी ज्वालामुखीच्या कुंडांत आहेत. त्यांतून एकही नदी उघडपणे बाहेर पडत नाही. पाणी राखेच्या खडकातून झिरपतं आणि खाली उतारावर झऱ्यांच्या रूपाने फुटतं. खडक मऊ असल्यामुळे नद्यांनी खोल घळी कापल्या आहेत, इतक्या खोल की शेजारच्या शेताला नदीचं पाणी थेट घेताच येत नाही. म्हणून वर कुठेतरी बांध घालायचा, तिथून डोंगराच्या पोटातून बोगदा खणायचा, आणि पाणी पाटाने कित्येक किलोमीटर खाली आणायचं. असे बोगदे हजार वर्षांपासून हाताने खणले गेलेत. एकट्या शेतकऱ्याला हे शक्य नाही. एका पाटावरची सगळी माणसं एकत्र आली तरच जमतं.

या एकत्र येण्याचं नाव सुबाक. अकराव्या शतकातल्या लेखांत त्याचा उल्लेख आहे. आज बालीत असे सुमारे १,२०० गट आहेत, एकेका गटात पन्नासपासून चारशेपर्यंत शेतकरी. प्रत्येक सुबाकचा एक निवडलेला प्रमुख असतो, त्याला पेकासेह म्हणतात. पाणी केव्हा सोडायचं, लावणी केव्हा, शेत पडीक केव्हा ठेवायचं, हे सगळं गटात आणि त्या पाटाच्या देवळात ठरतं. वरच्या पाटाचं देऊळ, त्याच्या वरच्या बांधाचं देऊळ, आणि सगळ्यांच्या वर सरोवराचं देऊळ. वरच्या शेतकऱ्याला पाणी अडवता येतं हे खरं, पण खालच्याशी वेळ जुळवली नाही तर किडी एका शेतातून दुसऱ्या शेतात फिरत राहतात आणि दोघांचंही पीक जातं. सगळ्यांनी एकदम कापणी करून शेतं पाण्याखाली पडीक ठेवली, की किडीला खायला काही उरत नाही. म्हणजे वरच्याला पाण्याची चिंता नसली तरी किडीची असते, खालच्याला दोन्हीची, आणि त्यातून तडजोड निघते.

१९७०च्या दशकात सरकारने जास्त उत्पन्नाच्या वाणांसाठी आग्रह धरला, वर्षभर सतत भात घ्यायला सांगितलं. देवळांचं वेळापत्रक मोडलं. पाण्याची मारामारी सुरू झाली आणि तुडतुड्यांनी शेतंच्या शेतं फस्त केली. पुढे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग आणि परिसंस्थांचे अभ्यासक जेम्स क्रेमर यांनी दोन नद्यांच्या खोऱ्यांचं संगणकावर प्रतिरूप तयार केलं. देवळं ज्या पातळीवर एकत्र येऊन पाणी वाटत होती, जवळपास तिथेच सगळ्यात जास्त भात पिकतो असं त्यातून दिसलं. अडाणीपणाची रूढी म्हणून जी बाजूला सारली, ती शेकडो वर्षांची पक्की शेतीविद्या होती. २०१२ साली सुबाकचा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

धुळे-नाशिक भागातल्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. पांझरा, मोसम, गिरणा यांच्या काठची फड पद्धत अशीच चालायची: नदीवर बंधारा, तिथून पाट, फडाफडाने ठरलेलं एकच पीक आणि पाणी वाटणारा पाटकरी. फडाचे उरलेले बंधारे ज्यांनी पाहिलेत, त्यांनी बालीतल्या एखाद्या पेकासेहशी दुभाष्यामार्फत तासभर बोलावंच. त्यांच्या गप्पा भाषेअभावी अडणार नाहीत.

मग खाचरं पाहायला कुठे जावं?

तेगल्लालांग उबुदच्या उत्तरेला अगदी जवळ आहे, म्हणून सगळे तिथे जातात. दरी देखणी आहे, पण झोके, कॅफे आणि तिकिटांच्या गर्दीत शेती मागे पडली आहे. जातिलुवीह तबानान जिल्ह्यात, बातुकारू डोंगराच्या उतारावर आहे. सहाशे हेक्टरांहून मोठं, अजूनही खरंखुरं शेत, आणि तिथे स्थानिक लाल भाताचा जुना वाण घेतात. सकाळी आठच्या आत पोचा, बांधावरून चालण्याच्या आखलेल्या वाटा आहेत. पूर्वेला सिदेमनची दरी आहे; आगुंग समोर, खाली नदी, मध्ये खाचरं. गर्दी कमी. मला निवडायला सांगितलं तर मी सिदेमन निवडेन आणि दोन रात्री राहीन.

एकच विनंती: बांधावरून चाला, पिकात उतरू नका. आपल्या शेतात कुणी फोटोसाठी घुसलं तर आपल्याला कसं वाटेल?

देवळं शेकडो आहेत. वेळ थोडा असेल तर कोणती पाहावीत?

एक नदी धरा. पाकेरिसान. उबुदच्या ईशान्येला तम्पाकसिरिंग गावात तिर्ता एम्पुल आहे. तिथे जमिनीतून पाणी उसळताना स्पष्ट दिसतं, तळाची काळी वाळू सतत हलत असते. मंदिराची स्थापना दहाव्या शतकातली, इसवी सन ९६२ची मानतात. भाविक ओळीने एकेका धारेखाली डोकं धरतात. तिथून थोडं खाली त्याच नदीच्या घळीत गुनुंग कावी आहे. अकराव्या शतकात राजघराण्याच्या स्मरणार्थ कड्यात कोरलेली दहा देवळं, सुमारे सात मीटर उंचीच्या कोनाड्यांत. साधारण तीनशे पायऱ्या उतरून जावं लागतं, गुडघे दुखत असतील तर वेळ राखून जा. वेरूळ-अजिंठा पाहिलेल्या माणसाला कोरण्याची पद्धत लगेच ओळखता येईल, पण इथे चारी बाजूंनी भात आणि खाली वाहती नदी आहे. तिर्ता एम्पुलला उगम पावलेलं पाणी या कड्यासमोरून जाऊन पुढच्या सुबाकांना मिळतं. अर्ध्या दिवसात उगम, राजस्मारक आणि शेत असा सगळा क्रम पाहून होतो.

आगुंगच्या नैऋत्य उतारावरचं बेसाकिह हे सगळ्यांत मोठं, वीसहून अधिक देवळांचा समूह. ब्रातान सरोवरातलं उलुन दानू सतराव्या शतकातलं, मेंगवीच्या राजाने बांधलेलं. पाण्यात अकरा छपरांचा मेरू उभा दिसतो तो इथला. तानाह लोत समुद्रातल्या खडकावर आहे आणि संध्याकाळी माणसांची दाटी असते, म्हणून सकाळी ओहोटीला जावं. उलुवातूचा कडा आणि तिथला केचाक नाच, ज्यात पुरुषांचा मोठा घोळका वाद्यांविना नुसत्या तोंडच्या आवाजांवर रामकथा उभी करतो, मराठी माणसाने चुकवू नये. माकडं चष्मा पळवतात. चष्मा खिशात ठेवा.

देवळात आपण हिंदू म्हणून आत जाऊन पूजा करू शकतो का?

अंगणात आणि बाहेरच्या प्राकारात जाता येतं. सगळ्यात आतला प्राकार बहुतेक ठिकाणी फक्त पूजेला आलेल्यांसाठी असतो. कमरेला सारोंग, म्हणजे लुंगीसारखं वस्त्र, आणि पट्टा बांधावाच लागतो, तो दारात मिळतो. मासिक पाळी चालू असलेल्या बायकांनी आत येऊ नये, अशी पाटी बहुतेक देवळांबाहेर असते. आपल्याला पटो न पटो, पाहुण्याने यजमानाचा नियम पाळावा.

तिथला धर्म आपल्याशी नात्यातला आहे, पण तंतोतंत आपला नाही. प्रांतातल्या ८५ टक्क्यांहून अधिक लोक हिंदू आहेत, तरी मूर्तीपेक्षा रिकामं आसन आणि पवित्र पाणी यांना मान जास्त. आगुंगकडची दिशा पवित्र, समुद्राकडची खालची, आणि घर, गाव, स्मशान सगळं या हिशोबाने मांडलेलं. रस्त्यावर, दुकानासमोर केळीच्या-नारळाच्या पानांच्या छोट्या द्रोणात फुलं आणि उदबत्ती दिसेल. रोजचा नैवेद्य तो. ओलांडू नका, बाजूने जा.

बाली हिंदू आहे, मग शाकाहारी जेवण सहज मिळेल ना?

नाही, आणि हा गैरसमज आधीच दूर केलेला बरा. बाली हिंदू मांसाहारी आहेत. सणाला डुकराचं मांस हे मुख्य पक्वान्न, आणि भाज्यांतही बऱ्याचदा वाळवलेल्या कोळंबीची चटणी, तेरासी, मिसळलेली असते. "तान्पा तेरासी" म्हणजे तेरासीशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. शाकाहाऱ्यांसाठी तेम्पे आणि ताहू हे सोयाबीनचे पदार्थ, शेंगदाण्याच्या रसातलं गाडो-गाडो, ओल्या नारळाच्या किसात कालवलेलं उराप ही भाजी, आणि काळ्या तांदळाची नारळाच्या दुधातली खीर. उराप खाल्लं की कोकणातल्या माणसाला घर आठवल्याशिवाय राहत नाही. उबुद आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या चांगूत शुद्ध शाकाहारी हॉटेलं भरपूर आहेत. डोंगराळ गावांत घरमालकिणीला आदल्या दिवशी सांगितलं तर ती आनंदाने करून देते. जैन जेवण हवं असेल तर भारतीय हॉटेलंच गाठावीत.

कधी जावं? आपल्या पावसाळ्यात गेलं तर चालेल का?

चालेलच, उलट तीच उत्तम वेळ. बालीत एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम, नोव्हेंबर ते मार्च पावसाचा. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस लागतो तेव्हा तिथे आकाश निवळलेलं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियन-युरोपियन गर्दी आणि दर दोन्ही वाढतात. मे, जून आणि सप्टेंबर हे माझ्या आवडीचे महिने. डिसेंबर ते फेब्रुवारीत पश्चिमेच्या वाऱ्याने कुटा-लेगियानच्या किनाऱ्यावर समुद्रातून कचरा येतो, याची तयारी ठेवा. बेटभर सारखं हवामानही नसतं: डोंगरातल्या बेदुगुल (ब्रातान सरोवराजवळ)-किंतामणीला स्वेटर लागतो, त्याच दिवशी उलुवातूला घामाने भिजायला होतं.

न्येपी म्हणजे काय? त्या दिवशी विमानतळ खरंच बंद असतो?

खरंच बंद असतो, सकाळी ६ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ६. न्येपी हा बालीचा शक संवत्सराचा पहिला दिवस. आग नाही, दिवा नाही, काम नाही, घराबाहेर पडणं नाही. २०१८पासून मोबाइल इंटरनेटही बंद ठेवतात. पर्यटकांनीही हॉटेलाच्या आवारातच राहायचं, दवाखान्याची गाडी तेवढी फिरते. आदल्या संध्याकाळी कागद-बांबूचे अक्राळविक्राळ ओगोह-ओगोह खांद्यावर घेऊन गावोगावी मिरवणूक निघते, आणि त्याआधीच्या दिवसांत देव समुद्रावर नेऊन शुद्ध करून आणतात.

त्यांचा शक आणि आपला शालिवाहन शक एकच. २०२६ साली १९ मार्चला दोन्हीकडे शके १९४८ सुरू झालं, एकीकडे गुढी उभारून आणि दुसरीकडे संपूर्ण शांततेने. दरवर्षी तारीख जुळतेच असं नाही. अधिक मास बसवण्याची रीत वेगळी असल्याने २०२४ साली न्येपी ११ मार्चला आला आणि पाडवा ९ एप्रिलला. पाडव्याच्या सुट्टीत तिकीट काढताना हे तपासा. त्या रात्रीचं आकाश पाहायला मिळणं हे मात्र भाग्य आहे. चाळीस लाख माणसांच्या बेटावर एकही दिवा नसतो.

गालुंगान हा दुसरा मोठा सण दर २१० दिवसांनी येतो. २०२६ साली तो १७ जूनला, आणि दहा दिवसांनी कुनिंगान. त्या काळात प्रत्येक घरासमोर पेंजोर, म्हणजे शेंडा वाकलेला सजवलेला उंच बांबू, उभा असतो. गावाकडचे रस्ते याहून सुंदर कधीच दिसत नाहीत.

काही किनारे काळे आणि काही पांढरे कसे?

उत्तर आणि पूर्व किनाऱ्याची, तसंच पश्चिमेकडच्या बऱ्याच भागाची वाळू ज्वालामुखीची, म्हणून काळी-करडी. दक्षिणेला बुकित हे टोक मात्र समुद्रतळातून वर उचलल्या गेलेल्या चुनखडीचं आहे. तिथे वाळू पांढरी, पाणी निळं, कडे उभे. बुकितवर नदी नाही, पाणी टिकत नाही, म्हणून भातही नाही. नुसा दुआ, पांडावा, पादांग पादांग सगळे याच चुनखडीवर. विमानतळ ज्या चिंचोळ्या पट्टीवर आहे, ती पट्टी या दोन भूगोलांना जोडते.

कुटा आणि चांगूच्या लाटा देखण्या आहेत, पण खेचून नेणारा प्रवाह असतो. लाल झेंडा असेल तिथे गुडघाभर पाण्यातही जाऊ नका. पोहायचंच असेल तर सानुर किंवा नुसा दुआ, तिथे प्रवाळाच्या रांगेमुळे पाणी शांत असतं.

पूर्व आणि उत्तर बालीत काय आहे?

गर्दी नाही, हे पहिलं. पूर्वेच्या तुलाम्बेनला किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर लिबर्टी हे अमेरिकन मालवाहू जहाज पाण्याखाली आहे. १९४२ साली जपानी पाणबुडीने त्याला टॉर्पेडो मारला, ते किनाऱ्यावर ओढून ठेवलं गेलं, आणि १९६३च्या आगुंगच्या उद्रेकात हादऱ्यांनी ते परत समुद्रात सरकलं. आज त्यावर प्रवाळ वाढलं आहे. जवळच आमेदला अजून पारंपरिक पद्धतीने मीठ करतात. तेंगानान गावात गेरिंगसिंग विणतात, ताणा आणि बाणा दोन्ही आधी रंगवून मग विणायचं कापड. अशी दुहेरी रंगबांधणी जगात फार थोड्या जागी होते, आपल्याकडे पाटणच्या पटोळ्यात. एका कापडाला कित्येक वर्षं लागतात; किंमत ऐकून घासाघीस करू नये.

उत्तरेकडे मुंडुकला लवंग-कॉफीच्या बागा, धबधबे आणि तांबलिंगानचं शांत तळं. सेकुम्पुलचा धबधबा मोठा आहे, पायऱ्याही तितक्याच. लोवीनाला डॉल्फिनमागे होड्या पळवतात, तो प्रकार मला बघवत नाही. अगदी पश्चिमेच्या राष्ट्रीय उद्यानात बाली मैना आहे, पांढरीशुभ्र, डोळ्याभोवती निळी त्वचा. पिंजऱ्याच्या व्यापाराने ती रानातून जवळपास संपली होती, आता पाळून परत सोडली जाते.

बाली आणि लोंबोकमध्ये रेषा आहे म्हणतात, ती कसली?

प्राण्यांची. ब्रिटिश निसर्ग-अभ्यासक आल्फ्रेड वॉलेस १८५६ साली बालीहून लोंबोकला गेला आणि पक्षी एकदम बदललेले पाहून थक्क झाला. बाली-जावामधली सामुद्रधुनी अरुंद आणि उथळ आहे, हिमयुगात ती कोरडी पडायची आणि वाघ चालत यायचे. बालीला स्वतःचा वाघ होता, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकारीने तो संपवला. लोंबोकची सामुद्रधुनी खोल, ती कधीच आटली नाही. म्हणून आशियाचे प्राणी बालीत थांबतात आणि पलीकडे काकाकुवे सुरू होतात.

नुसा पेनिदा एका दिवसात होतं का?

होतं, पण दमछाक होते. सानुरहून वेगवान होडीने पाऊण तास, पुढे वळणाचे चढ-उताराचे रस्ते. केलिंगकिंगचा कडा वरून पाहावा. खाली उतरणारी वाट धोकादायक आहे आणि खालचा समुद्र त्याहून. एक रात्र राहिलात तर दुपारची गर्दी ओसरल्यावर बेट तुमचं. मांता (पंखांसारखे कल्ले असलेले मोठे, चपटे) मासे पाहायला चांगलं पोहता येणं आवश्यक आहे.

भारताशी बालीचं नातं किती जुनं?

उत्तर किनाऱ्यावरच्या सेंबिरानला उत्खननात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची भारतीय मातीची भांडी सापडली आहेत. सानुरला ब्लांजोंगचा स्तंभ आहे, शके ८३५चा, राजा केसरी वर्मदेवाचा. त्यावर जुनी बाली भाषा नागरी वळणाच्या लिपीत आणि संस्कृत स्थानिक लिपीत कोरलेली आहे. एका गल्लीतल्या छोट्या देवळात, काचेआड उभा असतो तो. तिकिटाची रांग नाही, मार्गदर्शक नाही. मराठी माणसाने तिथे पाच मिनिटं उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

व्हिसा, पैसे, फिरणं?

भारतीय पारपत्रावर आगमनावेळी ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, शुल्क ५ लाख रुपिया. ऑनलाइनही काढता येतो. पारपत्र सहा महिने वैध हवं. शिवाय १४ फेब्रुवारी २०२४पासून परदेशी पर्यटकांवर दीड लाख रुपियांचा प्रांतिक कर आहे. एक लाख रुपिया म्हणजे साधारण पाचशे-साडेपाचशे रुपये. निघण्याआधी हे दर सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्या.

बेटावर रेल्वे नाही. स्कूटर सगळे चालवतात, पण आंतरराष्ट्रीय परवाना आणि हेल्मेट नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. कुटुंब असेल तर चालकासह गाडी दिवसावर ठरवा. विमानतळ ते उबुद चाळीसेक किलोमीटरच, पण दीड-दोन तास लागतात.

बालीची जमीन आणि पाणी संपत चाललंय, हे खरं का?

दक्षिणेत तरी खरं आहे. चांगूत जिथे भात डोलत होता तिथे आता व्हिला आणि तरणतलाव आहेत. एकदा सुबाकच्या पाटाच्या मध्यात बांधकाम आलं की खालच्या शेताचं पाणी तुटतं, मग तेही विकलं जातं. सप्टेंबर २०२५ला देनपसार आणि आसपास मोठा पूर आला, तेव्हा शेतजमिनीवरच्या बांधकामांची चर्चा खुद्द सरकारी पातळीवर झाली. प्रांताने २०१९पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिक पिशव्या आणि स्ट्रॉवर बंदी आणली आहे, पण पाण्याचा प्रश्न पिशव्यांनी सुटणार नाही.

पाहुण्याच्या हातात थोडं आहे, पण आहे. खासगी तरणतलावाच्या व्हिलाऐवजी गावातल्या घरी राहा. जातिलुवीहसारख्या ठिकाणी तिकीट काढा. स्थानिक लाल तांदूळ विकत घ्या. लुवाक कॉफी उदमांजराच्या विष्ठेतून निघालेल्या बियांची असते; त्यासाठी उदमांजर पिंजऱ्यात ठेवणाऱ्या दुकानात पाऊल टाकू नका.

किती दिवस हवेत? आई-बाबा आणि मुलं बरोबर आहेत.

सात रात्री असतील तर तीन उबुद किंवा सिदेमन, दोन मुंडुक, दोन सानुर. रोज हॉटेल बदलू नका. ज्येष्ठांसाठी गुनुंग कावी आणि सेकुम्पुल वगळा. ब्रातान, तिर्ता एम्पुल, किंतामणीची कड हे सगळं बिनपायऱ्यांचं किंवा थोड्या पायऱ्यांचं आहे. मुलांना उबुदच्या माकडवनात नेलंत तर हातात खाऊ देऊ नका. बालीत २००८पासून रेबीज आहे, कुत्रा किंवा माकड चावलं-ओरबाडलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस घ्या.